अप्पांच्या बारा कोऱ्या जागा

वखारीचे अप्पा लाकूड ओळखताना डोळे मिटायचे. आधी पटाशीनं वरचा कुजका थर खरवडायचा, मग आतल्या गाभ्याची नखाएवढी कपची उडवायची. ती दोन्ही तळव्यांत धरून घासायची, त्यावर तोंडाची एक वाफ सोडायची आणि डोळे मिटून नाकाशी न्यायची. हे सगळं सावकाश. एकदा मी विचारलं, डोळे कशाला मिटता? बघूनही कळत असेल की.

"डोळं मधी मधी बोलतेत," अप्पा म्हणाले. "त्यायला गप बसवावं लागतंय."

त्यांचं नाव शिवशरणप्पा. मंठाळमध्ये बसवकल्याणच्या रस्त्याला त्यांची लाकडाची वखार होती, आणि वखारीला लागूनच आरागिरणी. समोर पप्पांचं खत-बियाण्यांचं दुकान. म्हणजे मी जन्मल्यापासून अप्पा आमच्या समोर होते, पण बिदरच्या इंग्रजी शाळेत आणि हॉस्टेलवर माझी बारा वर्षं गेली, त्यामुळे ओळख अशी नव्हती. सुट्टीत आले की मला ते रस्त्यापलीकडे दिसायचे. उंच, किरकोळ अंगाचे, धोतर, कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी म्हणजे करडगी, कानावर पेन्सिल आणि कमरेला पटाशी. पटाशी जेवताना आणि लिंगपूजेच्या वेळी तेवढी काढून ठेवत, असं त्यांच्या पत्नी, आमच्या अव्वा, सांगायच्या.

मी कलबुर्गीला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून तिथंच पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता, सीमेवरच्या या तालुक्यांत मेलेल्या लाकडावर उगवणाऱ्या अळंब्या. कुणी विचारलं की मी "बॉटनी" एवढंच सांगायची. अळंब्या म्हटलं की लोक हसतात, आणि हसल्यावर पुढं काय बोलायचं ते मला कळत नाही. हा विषय निवडण्यामागं तेही एक कारण असेल. पडलेल्या ओंडक्यापाशी तासभर बसलं तरी ओंडका काही विचारत नाही.

पहिल्या पावसाळ्यात वखारीच्या कुंपणाशी टाकलेल्या एका ओंडक्यावर मला पंख्यासारख्या पांढुरक्या, केसाळ अळंब्यांची रांग दिसली. आत जाऊन विचारायला हवं होतं. मी तीन दिवस रस्त्यावरूनच फोटो काढले. चौथ्या दिवशी आतून आवाज आला.

"काय बघायलीस गं माय? फोटो काढायलीस, त्या लाकडाची कुंडली तर इच्यार!"

मी आत गेले. अप्पांनी माझी वही मागितली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. कन्नड आणि मराठी ते दोन्ही लिहायचे आणि हिशोब मात्र जुन्या हैदराबादी सवयीनं उर्दू आकड्यांत करायचे. त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवलं. "हितं काय लिवलंस?"

तो रकाना अळंबी कशावर उगवली त्याचा होता. मी 'हार्डवूड' लिहिलं होतं.

"म्हंजी?"

"कठीण लाकूड."

अप्पांनी आरागिरणीकडे वळून हाक मारली, "खलील! ऐकलास का? माणसाला इच्यारलं तुझं नाव काय, तर त्यो म्हनला, माणूस!"

खलीलभाई तीस वर्षं त्यांच्याकडे आऱ्यावर होते. भुशानं भुवया पिवळ्या झालेले. ते तिथूनच हसले. मलाही राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण ते खरं होतं. अळंबी ओळखायला मी शिकले होते. टोपीच्या खालची बाजू बघायची, छिद्रं की पट्ट्या ते पाहायचं, भिंगाखाली मिलिमीटरमध्ये किती छिद्रं ते मोजायचं, रात्रभर कागदावर ठेवून बीजाणूंच्या पुडीचा रंग बघायचा, रसायनाचा थेंब टाकून डाग काळा पडतो का ते पाहायचं. पण झाड मेलं, पानं गेली, साल गेली, की उरलेलं लाकूड कशाचं ते सांगणारं पुस्तक माझ्याकडे नव्हतं. आणि त्याशिवाय नोंद अर्धी. काही अळंब्या एकाच झाडाला धरून राहतात. झाड मेल्यावरसुद्धा.

"हे आंब्याचं," कपची नाकाशी नेऊन अप्पा म्हणाले. "लिही."

मी लिहिलं. त्या दिवसापासून माझ्या वहीतला तो रकाना अप्पांचा झाला.

वखारवाल्याच्या दृष्टीनं अळंबी म्हणजे नुकसान. ज्या ओंडक्याच्या तोंडाशी पंखा दिसला तो आतून पोकळ निघणार, हे अप्पांना पन्नास वर्षांच्या सवयीनं माहीत होतं. असे ओंडके ते मागच्या खणात टाकत. माझ्यासाठी तो खण म्हणजे खजिना होता. त्यांना याचं फार नवल वाटायचं. पण चिडत नसत. "झाड मेलं की भाडेकरू येतेत," ते म्हणायचे. "घर रिकामं ऱ्हात न्हाई. आपुन म्हनताव मेलेलं लाकूड. हितं तर वस्ती हाय."

भाडेकरूंना त्यांनी नावं ठेवली होती. तांबडी लाखेची चकाकी असलेली मोठी अळंबी म्हणजे 'पॉलिशवाला'. काळे कोळशासारखे गोळे म्हणजे 'लोहार'. ओल्या पावसात फुगणारा मऊ कान म्हणजे 'ऐकणारा'. खालून मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं असलेली 'जाळीवाली'. शेंदरी रंगाची चपटी 'देवळातली'. मी लॅटिन नावं पुस्तकातून पाठ केली होती, पण ओढ्याकाठी पावसात चिखलात उभं राहून पटकन लिहायचं तर 'लोहार, बाभूळ' हेच हाताला यायचं. माझ्या पहिल्या दोन वह्या या नावांनी भरल्या आहेत.

त्याच पहिल्या पावसाळ्यात त्यांनी मला शिरसाचं लाकूड ओळखायला शिकवलं. मागच्या खणातला एक काळसर ओंडका पटाशीनं खोलला आणि म्हणाले, "जवळ ये, वास घे. आनखी जवळ." मी नाक नेलं आणि एकापाठोपाठ चार शिंका आल्या. खलीलभाईंनी आरा बंद करून टाळी वाजवली. "बोल पडा! शिरस बोल पडा!"

"बाकीची झाडं इच्यारल्याबिगर नाव सांगत न्हाईत," अप्पा म्हणाले. "शिरस सोताच सांगतंय. गाभ्याचा भुसा नाकात गेला की शिंक. भल्या भल्या सुताराला सुटका न्हाई."

लाकडावर त्यांचा जीव होता असं मी म्हणणार नाही. ते व्यापारी होते आणि व्यापाऱ्यासारखे वागत. पण अंत्यसंस्काराची लाकडं न्यायला कुणी आलं की ते गिऱ्हाइकाशी बोलत नसत, सरळ उठून पत्र्याखालच्या वेगळ्या थप्पीकडे जात. ती थप्पी वर्षभर वाळवलेल्या बाभळीची होती. तिच्यातली एक फांदीही ते दुसऱ्या कामाला देत नसत. प्रत्येक ओंडका फिरवून बघत आणि कुठं अळंबीचा ठिपका जरी दिसला तरी बाजूला काढत.

मला वाटलं, काही अशुभ वगैरे असेल. विचारलं तर म्हणाले, "भाडेकरू असला म्हंजी आत ओल असतीय. ओल असली की धूर. जवळ उभारल्याल्या माणसायला रडायला धूर कशाला पायजे?"

मग जरा वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "सगळ्या गावाला शेवटची लाकडं म्या दिली. आन मला एक काडी लागनार न्हाई." त्यांच्या समाजात माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. हे सांगताना त्यांना गंमत वाटत होती. "असला धंदा केलाय. सोताच्या उपेगाचा न्हाई."

दुसऱ्या वर्षी माझ्या मार्गदर्शक मॅडम कलबुर्गीहून आल्या. माझ्या रकान्यातली झाडांची नावं त्यांना फार ठाम वाटत होती. कुठल्या आधारावर? मी वखारीचे अप्पा असं सांगितल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. येताना त्यांनी पाच कपच्या पाकिटात घालून आणल्या. अप्पांना परीक्षा आहे हे लगेच कळलं, पण त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि मग पाकीट घेतलं.

"चिंच. करंज. ही कडू लिंब, पन जुनी. हा साग." पाचवी कपची त्यांनी घासली, वाफ दिली, नाकाशी धरली. पुन्हा घासली. डोळे उघडले. "हे ठाऊक न्हाई."

"अंदाज?" मॅडमनी विचारलं.

"अंदाज कशाला? म्या बघितलेलं न्हाई. आपल्या मुलखातलं न्हाई हे."

ते सिल्व्हर ओकचं होतं, मॅडमनी पश्चिमेकडच्या कॉफीच्या मळ्यातून आणलेलं. परत जाताना त्या मला म्हणाल्या, "चार बरोबर आली म्हणून नाही, पाचवं माहीत नाही म्हणाले म्हणून मी विश्वास ठेवते."

अप्पांचं ते 'ठाऊक न्हाई' मी त्याआधीही कितीतरी वेळा ऐकलं होतं. ते म्हणताना त्यांचा आवाज बदलत नसे. चिंच म्हणावं तसंच ठाऊक न्हाई म्हणत. खलीलभाई चिडवायचे, "अप्पा, तुमारी नाक है के रंदा?" तर म्हणायचे, "रंद्याला बी गाठ लागती, खलील."

पुढच्या उन्हाळ्यात अप्पांना कोरोना झाला. वीस-बावीस दिवस ते घराच्या मागच्या खोलीत होते. त्यातून उठले, जरा वाळले, पण पाऊस पडायच्या आत पटाशी पुन्हा कमरेला आली होती. पुढचे दोन्ही पावसाळे आम्ही पूर्वीसारखे फिरलो, ओढ्याकाठी, बांधांवर, बिदर जिल्ह्यातल्याच मेहकरकडच्या माझ्या आजोळच्या शिवारात. खलीलभाईंची मोटारसायकल, मागे अप्पा. मी माझ्या स्कूटीवर.

बदललं ते थोडंच होतं. आता खलीलभाई आधी बोलायचे. अप्पा कपची नाकाशी नेत आणि ते डोळे मिटून असतानाच खलीलभाई म्हणत, "बाभूळच है ना, अप्पा?" आणि अप्पा म्हणत, "व्हय, बाभूळ." पूर्वी खलीलभाई अप्पांच्या आधी तोंड उघडत नसत. त्यांच्यात तसा रिवाज होता.

दुसरी गोष्ट लक्षात यायला मला वेळ लागला. तापानंतर अप्पा एकदाही 'ठाऊक न्हाई' म्हणाले नव्हते.

हे मला तापानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, गणपतीच्या सुमारास कळलं. वही चाळत होते. तापाआधीच्या पानांवर रकान्यात अधूनमधून प्रश्नचिन्हं होती. नंतरच्या पानांवर एकही नव्हतं. प्रत्येक ओळीत झाडाचं नाव, सरळ. मी त्या नोंदी मोजल्या. मग वही मिटली आणि कुणाला काही सांगितलं नाही. मी अप्पांना काय विचारणार होते? तुम्हाला वास येतो का? पन्नास वर्षं ज्याच्या नाकावर तालुक्यातले सुतार विसंबले त्या माणसाला? शिवाय त्यांचा मुलगा मल्लिकार्जुन वखार मोडून प्लायवूडचं दुकान काढायचं म्हणत होता, आणि अप्पा त्याला "माझं नाक हाय तंवर न्हाई" असं म्हणाले होते. सगळ्या गल्लीसमोर म्हणाले होते. म्हणून मी गप्प बसले, आणि पुढच्या फेरीत त्यांनी सांगितलेलं नाव पुन्हा रकान्यात लिहिलं. या नोंदींची यादी छापायला जाणार होती. तिच्यातला तेवढा रकाना खोटा असू शकतो हे मला माहीत होतं आणि मी तो भरत होते. हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात खलीलभाई भाचीच्या लग्नाला हुमनाबादला गेले होते, म्हणून आम्ही दोघंच ओढ्यावर गेलो. पुरानं आणून टाकलेलं एक जाड खोड होतं. साल नाही, फांदी नाही. त्याच्या पोटाशी दोन पॉलिशवाले, एक माझ्या दोन्ही पंजांएवढा, खालच्या दगडांवर तपकिरी पूड सांडलेली. मी मोजपट्टी ठेवून फोटो घेतले. अप्पांनी पटाशी काढली, थेट गाभ्यापर्यंत गेले, कपची घासली, वाफ दिली, डोळे मिटले.

"लिंब," ते म्हणाले.

मी लिंब लिहिलं.

अप्पांनी तळवे झटकले. भुसा वाऱ्यावर माझ्याकडे आला आणि मला शिंक आली. मग दुसरी. मी रुमाल शोधत असताना अप्पांनाही शिंक आली. त्यांना तीन शिंका आल्या, मोठ्या, ओढ्यापलीकडच्या बगळ्यांना उडवणाऱ्या.

वहीत लिंब लिहिलं होतं आणि शिंका शिरसाच्या होत्या. अप्पा दगडावर बसले. ते तळहाताकडे बघत होते, भुसा अजून रेषांत होता.

"ही धरून किती झाल्या?" त्यांनी विचारलं. "त्या तापानंतर."

"चौतीस."

"मोजून ठिवल्याल्या हायत म्हन की."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी वहीची पानं उलटलीसुद्धा नव्हती.

"कधीपून ठाऊक हाय तुला?"

"गणपतीपासून."

"आन लिवत ऱ्हायलीस."

मी मोजपट्टी पिशवीत घातली.

"कामून?"

मी पेनाचं टोपण लावलं. अप्पा रागावले नव्हते, निदान माझ्यावर नव्हते. त्यांनी ओढ्यात हात धुतले आणि धोतराला पुसले. "वास येईना झालाय," ते म्हणाले. "उदबत्तीचा येईना, भुशाचा येईना. मला वाटलं, हाताला ठाऊक हाय, वजनाला ठाऊक हाय, नाकाबिगर भागंल. थोडं भागलं बी असंल. पन ठाऊक न्हाई म्हनायला तोंड उघडंना. आधी कसं सहज निघायचं. ज्याला ठाऊक असतंय त्यालाच ते म्हनता येतंय, माय."

उठताना म्हणाले, "गप बसनं वाईट न्हाई. तुझा सोभावच हाय. पन वहीत गप बसू ने."

त्याच संध्याकाळी त्यांनी घरी सांगितलं. मी अव्वांकडून नंतर ऐकलं. अव्वा भाकरी थापता थापता त्यांना म्हणाल्या, "मला कवाच ठाऊक हाय. शेंगदाण्याची चटणी करपली, घरभर वास, आन तुमी म्हनलाव छान झालीय. तवाच कळलं." खलीलभाईंना विचारलं तर ते मान खाली घालून म्हणाले, "मेरे को पहले दिन से मालूम, बेटा. अप्पा की इज्जत का सवाल था. इसलिए मैं पहले बोलता था." म्हणजे कुणालाच कळलं नाही असं एकट्या अप्पांना वाटत होतं.

दिवाळीनंतर मल्लिकार्जुननं वखारीच्या अर्ध्या जागेवर प्लायवूडचे तक्ते लावले, आणि अप्पांनी अडवलं नाही.

मला वाटलं होतं, चौतीस नोंदी खोडून टाकाव्या लागतील. मॅडमना फोन केला, पहिल्यांदा काही न लपवता बोलले. त्या म्हणाल्या, एक सत्र उशीर झाला तरी चालेल, पण रकाना स्वच्छ कर. माझ्याकडे प्रत्येक अळंबीसोबत लाकडाचा तुकडा होता, पण मी पाकिटांच्या पेटीत कीड लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकल्या होत्या. सगळ्या तुकड्यांना एकच वास. कुणाच्याही नाकाला त्यांचा उपयोग नव्हता. अप्पांनी एक हुंगायला घेतला, मग आठवून हसले आणि माझ्याकडे दिला. मी हुंगला. "संडासाचा," मी म्हणाले. ते इतके हसले की अव्वा बाहेर आल्या.

मग आम्ही पुन्हा ओंडक्यांकडे गेलो. दर रविवारी, तिघं. आधी खलीलभाईंना विचारलं, तुम्ही आधी बोलला त्यातलं खात्रीचं कोणतं आणि नुसतं वेळ मारून नेलेलं कोणतं? नऊ खात्रीची निघाली. आऱ्याच्या आवाजावरून आणि भुशाच्या रंगावरून ते ओळखत होते. इतकी वर्षं कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. "हे खलीलच्या नावावर लिही," अप्पा म्हणाले. "माझ्या न्हाई."

बाकीच्यांसाठी अप्पांनी जीभ वापरली. कपची दाढेखाली धरायचे. वास गेला होता तरी कडू आणि तुरट कळत होतं. लिंब कडू, बाभूळ तुरट. थुंकून म्हणायचे, "अर्धं नाक तोंडातबी असतंय." कधी कपच्या पाण्यात उकळून पाण्याचा रंग बघायचे. आणि जिथं तेवढ्यानं भागलं नाही तिथं ते बांधावरच्या शेतकऱ्याला विचारायचे. "हितं कसलं झाड हुतं रं पांडबा?" पांडबा आधी हसायचा. अप्पा थट्टा करतात असं वाटायचं त्याला. ज्या माणसाला सगळे विचारत आले तो आता विचारत होता. अप्पा तसेच उभे राहायचे, उत्तर मिळेपर्यंत. अशा तेरा मिळाल्या, त्या शिरसासकट.

बारा राहिल्या. काही ओंडके पुरात गेले होते, काही चुलीत. दोन समोर होते, पण कुजून भुसभुशीत झाले होते, जिभेलाही काही सांगत नव्हते. एकाशी अप्पा अर्धा तास बसले. शेवटी तलवार म्यानात घालावी तशी पटाशी कमरेला खोचली आणि म्हणाले, "ठाऊक न्हाई." त्यांचा जुना आवाज. मी वही उघडून प्रश्नचिन्ह काढलं.

अप्पा गेल्या श्रावणात गेले. झोपेत. मी कलबुर्गीला होते, पोचले तेव्हा त्यांना शेतात बसवून झालं होतं. विभूती, बेलाची पानं, माती. म्हणाले होते तसंच, एक काडी लागली नाही. खलीलभाई बांधावर उभे होते. आरा त्या दिवशी बंद होता.

पण मला त्यांचं शेवटचं दर्शन म्हणून तो दिवस आठवत नाही. त्याच्या दोन महिने आधी यादी छापून आली होती, तिची प्रत घेऊन मी वखारीत गेले होते. अप्पा प्लायवूडच्या तक्त्यांना पाठ करून, उरलेल्या लाकडाच्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. तक्त्यांकडे बोट करून म्हणाले, "ह्येला भाडेकरू येत न्हाईत. रिकामी घरं." मग म्हणाले, "त्या तापानंतरच्या कोऱ्या जागा दाखव."

एकशे अठरा नोंदी. मी बारा ओळी दाखवल्या. त्यांनी प्रत्येकीवर बोट ठेवलं.

"हितं काय छापलंय?"

"झाड ओळखता आलं नाही."

"कुणाला?"

"मला."

"तुला कामून? तुजं काम भाडेकरूचं. घर वळकायचं काम माझं हुतं. माझं नाव घाल."

छापील यादीत असं नाव घालत नाहीत, मी सांगितलं. "मग वहीत घाल," ते म्हणाले. वही माझ्या पिशवीत असायचीच. मी बारा पानं उघडली आणि प्रत्येक प्रश्नचिन्हापुढं मराठीत लिहिलं, शिवशरणप्पांना सांगता आलं नाही. ते बाराव्यापर्यंत बघत राहिले. मधे चहा आला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

"झालं," मी म्हणाले.

"आता बाकीच्यावर लोक भरवसा ठिवतील," अप्पा म्हणाले आणि थंड झालेला चहा प्यायले.

बसवकल्याणची बस आली. मी खिडकीशी बसले. रस्त्यापलीकडे नवीन ओंडका उतरवला होता. खलीलभाई त्याच्यापाशी वाकले होते, अप्पा काठी टेकत जवळ गेले. पटाशी काढली, कपची उडवली, तळव्यांत घासली, तिच्यावर वाफ सोडली आणि ती खलीलभाईंच्या नाकाशी धरली. बस सुटेपर्यंत ते तसेच उभे होते. वास खलीलभाई घेत होते, आणि डोळे अप्पांनी मिटले होते.